आधी कोरा पिऊन बघा
वाचकांचे प्रश्न, वहिनींची उत्तरं

कोल्हापुरात लक्ष्मीपुरीत आमचं सुट्या चहाचं दुकान आहे. तिथं गिऱ्हाईक दोनच गोष्टी विचारतं, कडक कुठला आणि केवढ्याला. या महिन्याच्या पत्रांत मात्र दार्जिलिंगपासून बोअरच्या पाण्यापर्यंत सगळं आलंय. वाचताना फार बरं वाटलं. एकाच विषयाची पत्रं एकत्र केली आहेत.

वहिनी, लेकीनं बंगळूरहून दार्जिलिंगचा चहा पाठवला. डब्यावर ‘फर्स्ट फ्लश’ लिहिलंय. आलं, साखर, म्हशीचं दूध घालून नेहमीसारखा चांगला उकळला. ना रंग आला, ना चव. आमचे हे म्हणतात, पोरीला फसवलं. खरंच का?
– एक गृहिणी, राजारामपुरी

कुणी फसवलेलं नाही. लेकीनं चांगली वस्तू पाठवली आहे, आणि उरलेला डबा जपून ठेवा.

दार्जिलिंगच्या डोंगरात थंडीत चहाची वाढ थांबते. फेब्रुवारी संपता संपता पालवी फुटते आणि साधारण एप्रिलच्या मध्यापर्यंत ती खुडतात. वर्षातली ही पहिली खुडणी म्हणजे फर्स्ट फ्लश. हे पान खूप सुकवून घेतात, त्यामुळे ते पुरतं काळं होतच नाही. चिमूटभर पत्ती पांढऱ्या बशीत काढून उजेडात बघा. हिरवट पानं दिसतील, तपकिरी दिसतील, मधेच एखादं चंदेरी टोक दिसेल. ती न उमललेली कळी, तिच्यावरची लव चमकते. आता शेजारी घरातली नेहमीची पावडर ठेवा. तिचे दाणे एकसारखे, गोल, घट्ट. पान दातेरी रुळांमधून काढून चिरडतात, फाडतात आणि वळवतात, तेव्हा हा दाणा होतो. याला सीटीसी म्हणतात. ही पद्धत आसामात १९३०च्या दशकात सुरू झाली. दाणा पाण्यात पडल्या पडल्या रंग सोडतो आणि दूध, साखर, आलं सगळ्यांना पुरून उरतो. अख्ख्या पानाच्या दार्जिलिंगची ताकद त्याच्या वासात, आणि तो वास उकळण्यात उडून जातो. उरलासुरला आल्यानं झाकला.

असं करा. कपभर, म्हणजे दोनशे मिली पाणी उकळा. गॅस बंद करून मिनिटभर थांबा. दोन ग्रॅम पत्ती टाका. पान हलकं असतं, म्हणून चमचा शिगोशीग भरून घ्यावा लागेल. झाकण ठेवा, तीन मिनिटांनी गाळा. दूध नको, आणि पहिल्या कपात साखरही नको. रंग फिका सोनेरी येईल, तो तसाच यायला हवा. गाळलेली पत्ती फेकू नका, तिच्यावर आणखी एक कप होतो. ह्यांना मुद्दाम दुसरा कप द्या, तो थोडा मवाळ असतो.

मी निवृत्त शिक्षक. आयुष्यभर एकाच कंपनीची पावडर प्यालो. आता सवड आहे, वेगवेगळे चहा समजून घ्यावेत असं मनात आहे. पेन्शनीत बसेल अशी सुरुवात कुठून करू?
– गडहिंग्लज

गुरुजी, तुमच्या पत्रानं मन भरून आलं. या प्रश्नाला सविस्तरच लिहिते.

सुरुवात तुमच्या घरातल्या पावडरीपासून करा. तीच कोरी करा, बिनसाखरेची, आणि प्या. ज्या चहाबरोबर माणूस आयुष्य काढतो त्याची मूळ चव बहुतेकांनी घेतलेलीच नसते. तुरटपणा किती आहे, जिभेच्या कडेला जाणवतो की घशात, घोट गिळल्यावर मागे काय राहतं, एवढं लक्षात ठेवा.

मग दोनच नवे चहा आणा, शंभर-शंभर ग्रॅम, त्याहून जास्त नको. एक आसामची ऑर्थोडॉक्स पत्ती, म्हणजे चिरडून गोळी न केलेलं, नुसतं वळवलेलं पान. दुसरी निलगिरीची, म्हणजे तमिळनाडूतल्या निलगिरी डोंगरातली, ऑर्थोडॉक्स पत्ती. दोन्ही दार्जिलिंगपेक्षा बऱ्याच कमी पैशांत मिळतात. आता तिन्ही एकाच वेळी करा. यात हयगय नको. सोमवारी एक आणि गुरुवारी दुसरा प्यालात तर काही कळणार नाही, जीभ विसरते. शेजारी शेजारी ठेवले की लहान पोरालाही फरक सांगता येतो.

आमचे मामंजी नमुने बघायचे तेव्हा झाकणाचे पांढरे कप मांडायचे. चहा तपासणारे शंभर मिली पाण्याला दोन ग्रॅम पत्ती आणि सहा मिनिटं असा हिशेब धरतात. दोष असतील ते उघडे पडावेत म्हणून तो मुद्दाम जहाल करतात. तुम्ही घरी दीडशे मिलीला दोन ग्रॅम आणि चार मिनिटं धरा. तिन्ही कपांत माप एक, पाणी एक, वेळ एक. गाळल्यावर मामंजी ओली पत्ती झाकणावर उलटी करायचे आणि आधी ती हुंगायचे. मला त्यांनी पहिलं शिकवलं ते हेच, की पत्ती ओली असताना खोटं बोलत नाही. चांगल्या काळ्या चहाची ओली पत्ती तांब्याच्या भांड्यासारखी लखलखते. काळपट, मेलेल्या रंगाची असेल तर पान बनवताना कुठंतरी हेळसांड झाली समजावं.

त्यानंतर चमच्यानं घोट घ्यायचा आणि फुर्र असा जोरात ओढायचा. संकोच करू नका. हवेबरोबर ओढला की चहा तोंडभर उडतो आणि वास मागून नाकात चढतो; चव म्हणतो त्यातला मोठा भाग तिथंच कळतो. आपल्याकडची जुनी माणसं बशीत ओतून फुरके मारत चहा पितात आणि सुना-नातवंडं त्यांना गप्प करतात. त्यांना चहा जास्त कळतो, हे मी पुराव्यानिशी सांगेन.

आसाम अंगानं भरलेला लागेल, रंग गडद तांबडा, तोंड भरून टाकणारा. तिथली जमीन सखल, नदीकाठची, हवा दमट, आणि पान मोठ्या जातीचं. निलगिरी त्यापुढं हलका, स्वच्छ, फुलांच्या वासाकडे झुकणारा. तिथं जवळजवळ बारा महिने खुडणी चालते, त्यातला डिसेंबर-जानेवारीच्या कडाक्यातला चहा मला सगळ्यात आवडतो. ही सगळी एकाच वनस्पतीची पानं आहेत, हे मात्र ध्यानात असू द्या. काळा, हिरवा, पांढरा, ऊलाँग अशी वेगवेगळी झाडं नसतात. खुडल्यावर पानाला हवा किती लागू दिली यावर बरंचसं ठरतं. लगेच तापवून थांबवलं तर हिरवा, अर्ध्यावर थांबवलं तर ऊलाँग, पूर्ण होऊ दिलं तर काळा. पांढरा म्हणजे कळ्या आणि कोवळी पानं नुसती सुकवलेली.

पुढच्या महिन्यात एकच नवीन घ्या, दार्जिलिंगचा सेकंड फ्लश. मे-जूनमधली ही खुडणी फर्स्ट फ्लशपेक्षा गडद आणि गोडसर असते, पिकल्या द्राक्षाचा वास येतो. पहिले दोन चहा थोडे शिल्लक ठेवा म्हणजे त्यांच्या शेजारी हा ठेवता येईल. वहीत दोन ओळी लिहीत चला. शिक्षकाला ते सांगायला नको.

आमच्या दावणीला म्हशी आहेत. आम्ही दुधाचाच चहा पिणार. वेगवेगळे चहा म्हणजे कोरा पिणाऱ्यांचंच काम का?
– करवीर तालुका

अजिबात नाही. दुधाचा चहा कमी दर्जाचा असं कुणी म्हणालं तर मला राग येतो. गंगावेशीत धारोष्ण दूध प्यायला उभी राहणारी आपली माणसं. एवढं कसदार दूध असताना चहात का घालू नये? दुधातली प्रथिनं चहाच्या तुरटपणाला धरून ठेवतात, म्हणून कडक चहा दुधात गोड लागतो. फक्त तसा कडक चहा निवडायला हवा. म्हशीच्या दाट दुधाला आसामचा सीटीसी घ्या. त्यात बारीक डस्ट आणि जाड दाणा दोन्ही मिळतात. डस्ट झटकन रंग देते, म्हणून गाड्यावर तीच चालते. घरी पाच मिनिटं सवड असेल तर दाणा घ्या, त्याची चव जास्त खुलते. आम्ही दुकानात आसामच्या दाण्यात थोडी निलगिरी मिसळतो. आसाम अंग देतो आणि निलगिरी वास. तुम्ही घरी चार भागांना एक भाग मिसळून बघा. आणि एकदा काश्मिरी नून चहा करा. हिरवी पत्ती, चिमूटभर खायचा सोडा, बराच वेळ उकळायचं, ओगराळ्यानं उंचावरून पुन्हा पुन्हा ओतत राहायचं, मग दूध आणि मीठ. गुलाबी रंग येतो. घरच्या दुधाला याहून चांगला मान नाही.

गुळाचा चहा दर वेळी फुटतो. गाड्यावर कसा फुटत नाही? (अशी बरीच पत्रं, कागल, हातकणंगले आणि शहरातून)

गुळात थोडी आम्लता असते आणि जुन्या गुळात ती वाढलेली असते. दूध गरम असताना आम्ल मिळालं की फाटतं. त्यामुळं दूध आणि गूळ एकत्र उकळायचेच नाहीत. पाणी, पत्ती, आलं आणि गूळ एकत्र उकळा, गूळ पुरता विरघळू द्या. दूध वेगळ्या पातेल्यात उकळून घ्या. चहा खाली उतरवा, अर्धा मिनिट थांबा, मग गरम दूध ओता आणि ढवळा. परत गॅसवर ठेवायचा नाही. गार झाला तरी नाही. आलंही पाण्यातच उकळून घ्या, कारण कच्चं आलं दुधात पडलं तर तेही दूध फाडतं.

गूळ कुठला, हेही बघा. आपल्या गुळाला भौगोलिक मानांकन आहे, म्हणून पिवळाधमक खडा उचलावा असं नाही. चहाला मी गुऱ्हाळावरचा गडद, थोडा मऊ गूळ घेते. त्याच्या काकवीसारख्या वासापुढं फिका चहा टिकत नाही, पत्ती आसामचीच हवी.

उपनगरात राहायला आल्यापासून चहाला चव नाही. वर तवंग येतो, रंग काळपट होतो. पत्ती तीच, दूध तेच.

पाणी बदललं. तुमच्याकडे बोअरचं असणार. जड पाण्यातला चुना चहातल्या द्रव्यांशी मिळून तो तवंग धरतो. कोऱ्या चहात तो आणखी स्पष्ट दिसतो, कपाच्या कडेला काळी रेघ राहते. चहापुरतं तांब्याभर नळाचं किंवा फिल्टरचं पाणी वेगळं ठेवा. महाग पत्ती आणण्याआधी हे करा, फरक त्याच दिवशी कळेल.

ग्रीन टी घ्यायला लागलोय, वजन उतरावं म्हणून. पण कडू जहर लागतो. मध घालावा का?
– तालमीतला एक वाचक, शिवाजी पेठ

मध राहू दे. आधी पाणी कमी गरम घ्या. हिरव्या पानाला उकळतं पाणी सोसत नाही, कडूपणा सगळा बाहेर येतो. पाणी उकळल्यावर चार-पाच मिनिटं निवू द्या, साधारण सत्तर ते ऐंशी अंशांवर आलं की पत्ती टाका आणि दोन मिनिटांत गाळा. पुडी कपात बुडवून ठेवून गप्पा मारत बसायचं नाही. हिमाचलातल्या कांगड्याचा हिरवा चहा मिळाला तर घेऊन बघा. १९०५च्या भूकंपानं तिथल्या मळ्यांची पार दैना केली, तरी ते खोरं चहा सोडून गेलं नाही. गोडसर, गवताळ चव आहे त्याची.

वजनाचं काम तालमीत होतं, कपात नाही. चहा आवडतो म्हणून प्या. आणि जेवणाबरोबर कुठलाच चहा नको, त्यामुळे अन्नातलं लोह अंगी लागत नाही. राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४च्या मार्गदर्शक सूचनांत जेवणाआधी आणि नंतर एक तास चहा-कॉफी टाळायला सांगितलं आहे. बाळंतिणीला आणि वयात येणाऱ्या मुलींना घरात हे आवर्जून सांगा.

गवती चहा हा चहाच ना?

गवत आहे ते, चहाचं पान त्यात नाही. पण परसात असेल तर तुमच्यासारखं भाग्यवान कुणी नाही. पात खलबत्त्यात जरा ठेचा आणि पाण्यात उकळा. रात्री झोपेची काळजी असेल त्यानं नुसता हाच प्यावा, पत्ती न घालता.

कोल्हापूरच्या आसपास कधी चहा पिकला होता का? मित्रांमध्ये पैज लागली आहे.
– विद्यार्थी, शिवाजी विद्यापीठ

लागवड झाली होती असं म्हणणारा जिंकला. शाहू महाराजांनी पन्हाळ्याच्या परिसरात चहा-कॉफीच्या लागवडीचे प्रयोग केले होते. आसामचा चहा लंडनच्या लिलावात १८३९ला गेला, दार्जिलिंगमध्ये पहिली रोपं १८४१ला लागली. त्या मोठ्या खटाटोपात आपल्या संस्थानानंही हात घालून बघितला, याचा मला अभिमान आहे. चहाला आम्लधर्मी जमीन लागते, ती पन्हाळ्याला आहे. पण पाऊस वर्षभर थोडा थोडा लागतो आणि आपल्याकडे तो चार महिन्यांत कोसळून मोकळा होतो. मोठे मळे इथं उभे न राहण्याचं मोठं कारण मला तेच दिसतं.

पण कोल्हापूर आणि चहा म्हटल्यावर माझ्या मनात पन्हाळ्याच्या आधी भाऊसिंगजी रोड येतो. गंगाराम कांबळे यांनी तिथं ‘सत्यसुधारक’ हॉटेल काढलं. अस्पृश्याच्या हातचा चहा कोण पिणार, असा तो काळ. शाहू महाराज आपली गाडी तिथं थांबवायचे, चहा मागवायचे, स्वतः प्यायचे आणि बरोबरच्या मंडळींनाही प्यायला लावायचे. छत्रपतींनी प्यालेला चहा नाकारायची कुणाची छाती होती? विद्यापीठात शिकताय, तर पैज जिंकल्यावर मित्रांना हेही सांगा. त्या कपात कुठली पत्ती होती याला काही महत्त्व नाही. चहाबद्दलची एवढी मोठी गोष्ट मी दुसरी ऐकलेली नाही.

आणलेला महाग चहा महिन्याभरात बेचव झाला. डबा तर घट्ट होता.
– कसबा बावडा

डबा कुठं ठेवलाय ते लिहिलं नाहीत, पण ओळखते. कांदा-लसूण चटणीच्या बरणीशेजारी. आपल्या प्रत्येक घरात मांडणी तीच. चहाची पत्ती आसपासचा वास ओढून घेते, आणि रोज उघडबंद होणारा डबा कितीही घट्ट असला तरी चटणीपुढं हरतो. पत्ती वेगळ्या फळीवर ठेवा, गॅसपासून लांब. काचेची बरणी दिसायला छान असते, पण उजेड पत्तीला मारतो. स्टीलचा किंवा पत्र्याचा डबा बरा. फ्रीजमध्ये तर मुळीच नको, तिथं ओल आणि वास दोन्ही आहेत. आणि थोडा थोडा आणा.

कामासाठी कोलकात्याला चाललोय. तिथून चहा आणायचा आहे. दुकानदारासमोर गेल्यावर नक्की काय विचारू? डब्यांवर इंग्रजी अक्षरांची रांग असते, ती काही समजत नाही.
– इचलकरंजी

योग्य गावी चालला आहात. कोलकात्यात १८६१ पासून चहाचे लिलाव होतात आणि तिथल्या जुन्या दुकानांत सुटा चहा हुंगून घेता येतो.

एफटीजीएफओपी वगैरे अक्षरांनी दबून जाऊ नका. पान अख्खं आहे की तुटकं, त्यात कळ्या किती, एवढंच ती अक्षरं सांगतात. चव त्यांत लिहिलेली नसते. तुम्ही तीन गोष्टी विचारा. मळा कुठला, खुडणी कुठल्या महिन्यातली आणि कुठल्या वर्षातली. दार्जिलिंग म्हणून विकणाऱ्याला ही तिन्ही उत्तरं पटापट देता आली पाहिजेत. दार्जिलिंग हे भौगोलिक मानांकन मिळालेलं देशातलं पहिलं उत्पादन, त्याच्या नावावर दुसरीकडचा माल खपवायला परवानगी नाही. सरकारमान्य खूण डब्यावर असते, पान खुडणाऱ्या बाईच्या चेहऱ्याची, ती बघून घ्या. उत्तर देताना दुकानदार अडखळला तर दुसऱ्या दुकानात जा.

मग पत्ती तळहातावर घ्या, तोंडाची वाफ सोडा आणि हुंगा. उबेनं वास जागा होतो. जुन्या पत्तीला धुळीचा, पुठ्ठ्याचा वास येतो. वजनाला हलकी आणि बोटात चुरचुरीत लागली पाहिजे. वाकणारी, नरम पत्ती ओल धरलेली असते.

किलोभर एकच चहा आणू नका. पन्नास-पन्नास ग्रॅमच्या चार पुड्या बांधून घ्या, प्रत्येकीवर नाव आणि महिना तिथंच लिहून घ्या, घरी आल्यावर सगळ्या सारख्याच दिसतात. मे महिन्यात पोचत असाल तर फर्स्ट फ्लश ताजा मिळेल. दिवाळीच्या सुमाराला जात असाल तर तो मागू नका, सेकंड फ्लश किंवा नुकताच आलेला शरदातला चहा मागा, तो तांबूस आणि मवाळ असतो आणि बऱ्याचदा स्वस्तही पडतो. शिवाय दुकानदाराला विचारा, तुमच्या घरी कुठला पितात? मी नवीन व्यापाऱ्याला हे हमखास विचारते आणि तो सांगेल त्यातला पाव किलो घेते.